दोराचं मोकळं टोक

समुद्र बघायला जायचं तर काय काय लागतं, हे रुद्राणीनं एका शंभर पानी वहीत लिहून काढलं होतं. घडीच्या खुर्च्या तीन. रक्तदाबाच्या गोळ्या आणि दाब मोजायचं यंत्र. कापूस, पट्ट्या, साखर-मिठाच्या पुड्या. थर्मास दोन. सुक्या चादरी, मफलर. विहिरीचा दोर, पन्नास हात. या शेवटच्या ओळीखाली तिनं दोन रेघा मारल्या होत्या. म्हाताऱ्या माणसांना पाण्यात पाय घालायचे असतील, तर दोरानं बांधूनच घालायचे, हे तिचं आधीपासून पक्कं होतं.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. गावभर नव्या पाट्या लागल्या होत्या आणि प्रत्येक पाटीवर ‘जिल्हा’ हा शब्द ठसठशीत होता. नळाला मात्र आठवड्यातून एकदा पाणी, तेही बोटाएवढ्या धारेनं. रुद्राणी सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. बेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची, आणि सावधपणाबद्दल साऱ्या वॉर्डात नावाजलेली. दुधानं तोंड न पोळताच ताक फुंकून पिणारी ही एकच, असं बाकीच्या सिस्टर तिच्या तोंडावर म्हणत, आणि तीही हसून घेई.

वही सुरू झाली होती ती तिच्या आईसाठी. आई, गंगम्मा, मूळची चाकूरकडची. तिथलं गावतळं आटताना तिनं तीनदा बघितलं होतं. म्हातारपणी लेकीजवळ लातूरला दोन खोल्यांत राहायला आली, आणि एका दुपारी, टँकरमागं धावणाऱ्या बायका खिडकीतून बघता बघता म्हणाली, “जिकडं बघावं तिकडं पाणी, असं एकदा डोळं भरून बघू दे, रुद्रा. मग मी काय मागणार न्हाई.”

रुद्राणी हो म्हणाली. मनापासून म्हणाली. पण पहिल्या वर्षी आईचा रक्तदाब वर गेला, म्हणून पुढच्या वर्षी जाऊ असं ठरलं. दुसऱ्या वर्षी मोतीबिंदू काढला, डोळ्याला खारा वारा चालणार नाही म्हणून राहिलं. तिसऱ्या वर्षी ऊन फार होतं. त्याच उन्हात, वैशाखात, गंगम्मा गेली.

जायच्या आधी महिनाभर ती अंथरुणाला होती. रुद्राणी तिला सकाळ-संध्याकाळ दोन्ही हातांनी उचलून खुर्चीत बसवायची. उचलताना आई आधी अंग ताठ करी, पडेन की काय म्हणून, आणि मग लेकीच्या हाताचा भरवसा पटला की हळूच सगळी सैल होई. छत्तीस किलो, मग पस्तीस, मग चौतीस. काट्यावर ठेवायची गरजच नव्हती, तिच्या दंडांना ते वजन पाठ झालं होतं. ज्या दिवशी आई गेली त्या दिवशी टँकर आला नाही. शेजारपाजारून मागून दीड घागर पाणी जमलं, त्यात आईची शेवटची अंघोळ झाली. मग चाकूरच्या शेतात, लिंगायतांच्या रीतीप्रमाणं, मांडी घालून, हाती लिंग देऊन तिला मातीत बसवलं. माती इतकी वाळलेली होती की खड्डा खणायला तिघांना अर्धा दिवस लागला.

लोक म्हणत, दिवस गेले की दुःख उतरतं. रुद्राणीचं उतरलं नाही. ती ड्यूटीवरून घरी यायची, कुलूप काढायची आणि आत पाऊल टाकायच्या आधी क्षणभर थांबायची, आतून खोकला ऐकू येतो का म्हणून. तिला आई हवी होती. बेचाळीस वर्षांच्या बाईनं असं म्हणू नये, म्हणून ती कुणाला म्हणत नव्हती, एवढंच.

कार्तिकात गुरम्मा मावशी चाकूरहून आली. ही गंगम्माची थोरली बहीण, शहात्तर वर्षांची, काटक आणि तोंडाची फटकळ. तिच्याबरोबर सिद्रामप्पा मामा, दोघींचा भाऊ, ऐंशीला टेकलेला, एका कानानं बहिरा. मावशीनं पाणीसुद्धा प्यायच्या आधी विषय काढला. गंगीचं राहिलं ते राहिलं, आता आम्हाला तरी दाखवून आण, आम्ही काय पुढच्या दुष्काळाला असतो का, असं तिचं म्हणणं. आणि त्या खुर्च्या तीनच्या तीन घ्यायच्या, एकही घरी ठेवायची नाही, गंगीचीसुद्धा.

तेव्हा रुद्राणीनं मनाशी एकच गोष्ट धरली. या दोघांना जसं न्यायचं तसंच परत आणायचं, धडधाकट. आईच्या वेळी हातून सुटलं ते इथं सुटू द्यायचं नाही.

तिच्या वॉर्डात शेट्ये नावाची एक सिस्टर कोकणातली होती. तिच्याकडून रुद्राणीनं समुद्राची सगळी माहिती एखाद्या नव्या औषधासारखी काढून घेतली. शेट्ये सिस्टरनं सांगितलं की ओहोटीच्या वेळी जा, सुक्या वाळूत बसा, ओल्या वाळूत नको, आणि पाणी वळलं की उठा. रुद्राणीनं लिहून घेतलं आणि विचारलं, पाणी वळलं हे कळतं कसं. त्यावर शेट्ये सिस्टर हसली आणि म्हणाली, अहो, कळतंच की. पुढं ती बाळंतपणाच्या रजेवर गेली, आणि दिवस ठरवायचं काम मावशीच्या पंचांगावर आलं. मावशीनं मार्गशीर्षातली पौर्णिमा काढली. चांगला दिवस. पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं, हे चाकूरच्या पंचांगात कोण शोधणार?

जीप औशाच्या हनीफची होती. पन्नाशीचा माणूस, रुग्ण आणायचं-न्यायचं भाडं नेहमी मारायचा, म्हणून रुद्राणीचा विश्वासातला. खुर्च्या टपावर जाईनात, तर मागच्या एका बाकावर आडव्या बांधल्या. दोर मावशीनं चाकूरहून आणला होता. विहीर कोरडी पडल्यापासून तो रहाटावर नुसताच लोंबत होता. वाटेत कोल्हापूरला एका मठात मुक्काम झाला, दुसऱ्या दिवशी घाट उतरून अंधार पडता पडता ते शेट्ये सिस्टरच्या भावाच्या घरी पोचले. अंधारात काही दिसेना, नुसता आवाज येत होता, सलग, जड. मावशी अंथरुणात उठून बसली आणि म्हणाली, एवढ्या रात्री कुणाची गिरणी चालू हाय. समुद्र आहे असं सांगितल्यावर ती पुन्हा आडवी झाली, पण झोपली नाही. रुद्राणीही झोपली नाही.

फटफटायला लागलं तसे ते निघाले. सुरूची झाडं ओलांडली आणि समोर ते आलं.

मावशीनं पदर तोंडाला लावला. मामांनी हात जोडले, आणि तसेच उभे राहून हळूच विचारलं, “हे सगळं... आटत न्हाई का?”

रुद्राणीनं मामांचा मफलर नीट केला. हे आईनं बघायला हवं होतं. तीन वर्षांत दोन दिवसांची सुट्टी आपल्याला मिळाली नसती असं नव्हतं. रक्तदाबाची गोळी इथंही देता आली असती.

चाकूरला दुष्काळात एक रीत आहे. तळं आटायला लागलं की संध्याकाळी पाण्याच्या कडेला कुणीतरी एक दगड ठेवतं. दुसऱ्या दिवशी बघायचं, पाणी दगडाला सोडून किती मागं गेलं. मग नव्या कडेला दुसरा दगड. एका वर्षी अर्धं तळं दगडांच्या ओळींनी भरलं होतं. मावशीनं सवयीनं तेच केलं. वाळूतला एक दगड उचलून लाटेच्या कडेला ठेवला. थोड्या वेळानं पाणी त्याच्यापासून चार पावलं मागं गेलेलं होतं.

“बघ,” मावशी म्हणाली. “हितं बी तेच.”

तिच्या बोलण्यात एक प्रकारचं समाधान होतं. एवढा मोठा समुद्र, पण वागतो आपल्या तळ्यासारखाच. मग दुसरा दगड, तिसरा. पाणी मागं जाई तसतशा खुर्च्या पुढं सरकत गेल्या. सुकी वाळू संपली. मधे एक लांबट सखल पट्टा होता, तो त्यांनी कोरड्या पायांनी ओलांडला, आणि पलीकडच्या उंचवट्यावर, लाटेचं पाणी पावलांना लागेल अशा बेतानं तिन्ही खुर्च्या मांडल्या. रुद्राणीला वही आठवत होती. पण पाणी तर डोळ्यांदेखत लांब जात होतं, मग भीती कसली? ज्यानं जन्मभर पाणी फक्त मागं जाताना बघितलंय, त्याला ते पुढंही येतं हे लिहून दिलं तरी पटत नाही.

तरी तिनं दोर बांधला. आधी आपल्या कमरेला, मग मावशीच्या, मग मामांच्या. मामा शेवटी. त्यांच्या पुढं उरलेलं बारा-पंधरा हात टोक मोकळंच राहिलं, ते लाटेबरोबर पुढं-मागं लोळत होतं. हनीफ सुरूच्या झाडांखाली स्टोव्ह पेटवून चहाच्या मागं लागला होता.

मावशी एका खुर्चीत, मामा तिसरीत. मधली रिकामी. मावशीनं तिच्यावर नजर टाकली. मामांच्या घोट्यांवरून लाट गेली तेव्हा ते लहान पोरासारखे हसले. वर्षभरात ते हसल्याचं रुद्राणीला आठवत नव्हतं.

तिचं लक्ष मधल्या खुर्चीच्या पायांकडं गेलं ते असंच, काही कारण नसताना. ओल्या वाळूत मावशीच्या खुर्चीचे पाय वीतभर रुतले होते. मामांच्या खुर्चीचेही. मधली खुर्ची, जिच्यावर कुणी बसलं नव्हतं, तिचे पायही वीतभर आत गेले होते.

तुम्ही म्हणाल, बाई घाबरली असेल. ती घाबरली नाही. तिच्या अंगावरून मोरपीस फिरावं तसं झालं. ती खाली वाकली, खुर्चीच्या हातावर हात ठेवला, आणि वाऱ्यात कुठं आईच्या कपाळावरच्या भस्माचा वास येतो का ते हुंगून बघितलं. येतोय असं तिला वाटलं. वाटायला काय, तिला सात महिने तो वास हवाच होता.

“दिसतंय का, आई?” तिनं विचारलं. “जिकडं बघावं तिकडं हाय बघ.”

मग ती तिथंच ओल्यात बसली आणि बोलत राहिली. तीन वर्षं का नेलं नाही ते सांगितलं. दीड घागरीचं सांगितलं. आपण चुकलो असं म्हणाली, पुन्हा पुन्हा म्हणाली. पाणी तिच्या मांडीपर्यंत येऊन जात होतं, पुढच्या खेपेला कमरेपर्यंत आलं, तिच्या ध्यानात आलं नाही. सूर्य मागच्या डोंगरावरून चांगला वर आला होता. मावशी आणि मामा डोळे लावून समोर बघत होते, आणि मावशीचे दगड केव्हाच दिसेनासे झाले होते.

हनीफची हाक वाऱ्यात दोनदा विरली. तिसरी ऐकू आली तेव्हा रुद्राणीनं वळून बघितलं. मागच्या सखल पट्ट्यात पाणी भरलं होतं. समुद्र त्यांच्या पुढूनच नाही, पाठीमागूनही आला होता.

इतक्या वर्षांची सिस्टर, ती क्षणात उभी राहिली. मावशीला उठवलं, मामांना उठवलं. ओरडली नाही. म्हाताऱ्या माणसांना घाबरवलं की ते पडतात, हे तिला माहीत होतं. आपण पुढं, मागं मावशी, मागं मामा, असे ते पट्ट्यात उतरले. पाणी कमरेला लागलं. पुढच्या पावलाला छातीला. समोरून हनीफ कपड्यांनिशी आत आला आणि त्यानं मावशीला धरलं. मावशीचे पाय पलीकडं जमिनीला लागले.

पण मामा येईनात. ते मधेच उभे होते, मागं कललेले.

“रुद्रा...” ते म्हणाले, “मागनं कुणीतरी धरून राहिलंय...”

तिनं बघितलं. मामांच्या कमरेपासून पुढं मोकळं सोडलेलं टोक आता लोळत नव्हतं. ते पाण्याच्या वर, सरळ रेषेत, समुद्राकडं ताणलेलं होतं. खुर्चीत अडकलं असेल असं तिला वाटलं. पण तिन्ही खुर्च्या डाव्या अंगाला, लांब, लाटांत उलट्यापालट्या होत चालल्या होत्या.

“सिस्टर, गाठ सोडा मामांची,” हनीफ म्हणाला. “जाऊ द्या तो दोर.”

ती मामांपर्यंत गेली. एका हातात गाठ धरली. गाठ ओली होऊन आवळली होती, म्हणून ताण कमी करायला तिनं दुसऱ्या हातानं पलीकडचा दोर धरून थोडा ओढला, आणि ते वजन तिच्या हातात आलं.

आधी ताठ. पडेन की काय, अशा भीतीनं ताठ. मग, तिचा हात ओळखल्यासारखं, हळूच सैल.

रुद्राणीनं गाठीवरचा हात काढला आणि दोन्ही हातांनी दोर धरला. हनीफ काय म्हणत होता ते तिला ऐकू येत नव्हतं. ती ओढत होती. मामा मधे बांधलेले, प्रत्येक ओढीला ते खाली दबत होते. एक लाट त्यांच्या डोक्यावरून गेली. मग दुसरी गेली. मामांच्या नाका-तोंडात पाणी जातंय हे तिनं बघितलं. बघूनही ती थांबली नाही. हे सांगताना बरं वाटत नाही, पण झालं ते असं झालं. ज्या माणसाला सांभाळून परत न्यायची तिनं शपथ घेतली होती, ते तिच्या डोळ्यांसमोर बुडत होतं आणि ती मेलेल्या माणसाला ओढत होती.

“येतेय,” ती म्हणत होती. “थोडंच राहिलंय... आई, थोडंच...”

शेवटी हनीफनं मामांना बगलेत धरून सगळ्यांनाच काठाकडं खेचलं. त्याच्या ओढीबरोबर मागचं वजनही आलं, मुकाट, काही झटापट न करता. वाळूवर आल्यावर तिच्यातली सिस्टर जागी झाली. मामांना कुशीवर वळवलं, पाणी काढलं, छाती चोळली, नाडी धरली. थोड्या वेळानं ते खोकले, आणि पहिला शब्द त्यांनी शिवाचा उच्चारला. मावशी शेजारी बसून त्यांचे तळवे घासत होती. मावशी रुद्राणीकडं बघत नव्हती.

दोराचं टोक पाण्याबाहेर येऊन पडलं होतं. ते आता मोकळं नव्हतं. त्याला फास होता, माणसाच्या कमरेएवढा, आणि गाठ नीट, घट्ट मारलेली. ती तिनं मारली नव्हती. फासात कुणी नव्हतं.

सुके कपडे, गरम चहा, मामांना तासभर झोप, हे सगळं झाल्यावर ते दुपारी निघाले. शेट्ये सिस्टरच्या भावानं राहायचा आग्रह केला, मावशीनं ऐकलं नाही. येताना ती मागं बसली होती, आता हनीफच्या शेजारी पुढं बसली. मागं एका बाकावर मामांना चादरीत गुंडाळून निजवलं. समोरच्या बाकावर, जिथं येताना खुर्च्या होत्या, रुद्राणी बसली. तिच्या शेजारी एका माणसापुरती जागा उरली.

घाट चढेपर्यंत ती जागा ओली झाली होती. हनीफनं गाडी थांबवली तेव्हा फडक्यानं पुसली. कोल्हापूरला पोचेतो ती पुन्हा ओली. त्यानं पुन्हा पुसली, टपावर बोट फिरवून कुठून गळतं का बघितलं, वर नुसती धूळ होती. तिसऱ्यांदा त्यानं फडकं खिशात ठेवून दिलं आणि त्या बाजूला बघणंच सोडलं. मठात सगळे झोपायला गेले, रुद्राणी मात्र सामान राखायचं निमित्त करून जीपमध्येच राहिली. कित्येक महिन्यांनी तिला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सोलापूर मागं पडलं. दोन्ही बाजूंना काळी रानं, भेगाळलेली, उघडी. एका टपरीवर चहाला गाडी थांबली. मावशीनं रुद्राणीला हाताला धरून रस्त्याच्या कडेला बाभळीखाली नेलं.

“तुझ्याशेजारी कोण बसलंय?”

रुद्राणीला राहवलं नाही. तिच्या तोंडावर इतका आनंद होता की मावशीनं नजर वळवली.

“आई हाय, मावशी. माझ्या हातांनी वढून आणली. तिचं वजन मला कळत न्हाई का?”

“गंगीला म्या बसवलंय,” मावशी म्हणाली. “तिच्या हातात लिंग म्या दिलंय. बसवलेलं माणूस शिवात मिळतं, ते उठून येत न्हाई. बरं, आली असं धर. तिला खुर्चीत बसून पाणी बघायचं व्हतं. आली आसंल तर काठावर आली आसंल.” ती थांबली. “समुद्राच्या आत तुझी आई कवा गेली व्हती, रुद्रा? तिकडनं तू कुणाला वढून आणलंस?”

मावशीनं तिला पुढं बसायला सांगितलं, तिघं मावतील म्हणाली, हात जोडून म्हणाली. मामांना एकटं कसं सोडू, असं सांगून रुद्राणी मागं जाऊन बसली.

बसल्याबरोबर खांद्यावर डोकं टेकलं. काल टेकलं होतं तसंच. पण आज तिनं, मावशीच्या बोलण्यामुळं असेल, सिस्टरच्या सवयीनं अदमास घेतला. चौतीस किलो नव्हतं. पन्नासच्या पुढं होतं, आणि औसा जवळ येईल तसं वाढत होतं. भस्माचा वास नव्हता. खारट, जुना, तळाचा वास होता. तिच्या दंडाची कातडी गार पडली. समोर मामा झोपेतच जीपच्या पत्र्याकडं सरकले.

औशाचा किल्ला दिसायला लागला. ऊन कलतं होतं. रस्त्याच्या कडेला बायका घागरी घेऊन रांगेत बसल्या होत्या, टँकरची वाट बघत. रुद्राणीला घर दिसत होतं. दोन खोल्या, कुलूप, आणि कुलूप काढल्यावरची ती शांतता. तिच्या कानाशी ओला श्वास लागला, आणि कुणीतरी अगदी हळू, मायेनं विचारलं,

“घरी कोण कोण असतं?”

आईला हे विचारायची गरज नव्हती. तेवढं रुद्राणीला कळलं.

“कुणी न्हाई,” ती म्हणाली. “मी एकलीच असते.”

आणि डोकं नीट टेकता यावं म्हणून तिनं खांदा जरा खाली केला.